कर्करोगाची रक्तपरीक्षा : प्रश्न आधी की उत्तर आधी?

वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेच्या माणसाने बोनस, महागाईभत्ता किंवा कंत्राटी कामगारांचे हाल यांवर बोलावे, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते आणि ती गैर नाही. मग आम्ही रक्ताच्या तपासणीचा विषय का घेतला? आम्ही डॉक्टर नव्हे आणि शास्त्रज्ञ तर नव्हेच. आमची शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयात, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सहकाऱ्यांना घेऊन रुग्णालयांच्या बाकांवर बसताना. परंतु गेली कित्येक वर्षे देहू, तळवडे, चाकण या टापूतल्या कामगारांच्या हातात आम्ही एक कागद पाहत आलो आहोत. तो असतो वार्षिक आरोग्यतपासणीचा अहवाल. त्यावर सीईए, एएफपी, सीए १२५, सीए १९-९, पीएसए अशी अक्षरे असतात, अक्षरांपुढे आकडे असतात आणि एखाद्या आकड्यापुढे ठळक टाइपात ‘जास्त’ असे छापलेले असते. “अण्णा, हे काय निघालं?” असे विचारीत माणूस दारात उभा राहतो. त्याला उत्तर देता यावे म्हणून आम्हाला या अक्षरांचा इतिहास वाचावा लागला. तो इतिहास आज सांगावयाचा आहे आणि त्याच्या ओघात आमच्या हातून घडलेली एक चूकही सांगावयाची आहे.

आपले देहू हे पंढरीच्या वारीचे गाव तसे वाण्याच्या दुकानाचेही गाव. तुकोबारायांच्या घरी पिढीजात महाजनकी आणि वाण्याचा व्यवहार होता. ज्याचा तागडीशी संबंध आला त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. धान्याचा काटा वेगळा आणि सोन्याचा काटा वेगळा. दोन्ही काटे खरे असले तरी सोने धान्याच्या काट्यावर घातले तर तोल खोटा येतो. दोष काट्याचा नसतो. तो लावणाऱ्याचा असतो. कर्करोगाच्या रक्तपरीक्षेचा सारा इतिहास या एका गोष्टीभोवती फिरतो, असे आमचे मत झाले आहे.

इंग्रजीत या परीक्षांना ट्यूमर मार्कर म्हणतात. आपण साध्या मराठीत गाठीची खूण म्हणू. शरीरात कर्करोगाची गाठ झाली म्हणजे ती गाठ, किंवा तिच्यामुळे आजूबाजूचे शरीर, एखादा पदार्थ नेहमीपेक्षा जास्त तयार करते. तो रक्तात किंवा लघवीत उतरतो आणि मोजता येतो. कल्पना एवढीच आहे. पण ती सुचली कशी?

१८४५ साली लंडनमध्ये एक दुकानदार छातीच्या व पाठीच्या असह्य वेदनांनी अंथरुणाला खिळला होता. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना त्याची लघवी विचित्र दिसली. तीत नत्राम्ल घालून ठेवले की साका धरी, तापवले की तो विरघळे आणि निवले की पुन्हा धरी. त्यांनी नमुना हेन्री बेन्स जोन्स या रसायन जाणणाऱ्या डॉक्टरकडे पाठविला. सोबत चिठ्ठी होती. तिच्यातला प्रश्न एवढाच की, हे काय आहे? जोन्स यांनी तो पदार्थ तपासला व १८४७-४८ मध्ये त्यावर लिहिले. दुकानदार १८४६ च्या पहिल्याच दिवशी वारला. त्याला झालेला हाडांच्या मज्जेचा कर्करोग आज मल्टिपल मायलोमा या नावाने ओळखला जातो आणि ते प्रथिन अजून बेन्स जोन्स यांच्या नावाने ओळखतात. कर्करोगाची ही पहिली खूण होय. येथे क्रम ध्यानात ठेवावा. आधी आजारी माणूस होता, मग डॉक्टरच्या मनात प्रश्न आला, मग चिठ्ठी गेली आणि शेवटी तपासणी झाली.

पुढची मोठी पायरी १९३८ साली आली. अमेरिकेत गटमन दांपत्याने असे दाखविले की प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग शरीरात पसरलेल्या रुग्णांच्या रक्तात अॅसिड फॉस्फेटेज हे द्रव्य वाढते. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी उपचार केल्यावर ते द्रव्य खाली येते असे दाखविले. म्हणजे औषध लागू पडते की नाही, हे आता मोजून सांगता येऊ लागले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

परंतु आकड्यावर विश्वास कसा ठेवावा, याचा धडा आम्हाला सर्वांत जास्त कळला तो मिन चिऊ ली या चिनी डॉक्टरच्या हकिगतीतून. गरोदरपणात वारेतून निघणारे एचसीजी हे संप्रेरक लघवीत सापडते, हे बर्लिनच्या दोन शास्त्रज्ञांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले होते. वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कोरिओकार्सिनोमा या भयंकर कर्करोगातही तेच संप्रेरक वाढते. १९५६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी संशोधन संस्थेत ली यांनी अशा स्त्रियांना मेथोट्रेक्सेट हे औषध दिले. गाठी वितळल्या, क्ष-किरणात छाती स्वच्छ दिसू लागली आणि बाई बरी झाली असे सर्वांनी म्हटले. ली मात्र म्हणाले, लघवीतले संप्रेरक अजून शून्यावर आलेले नाही, तोवर औषध थांबवावयाचे नाही. दिसायला बऱ्या झालेल्या स्त्रियांना विषारी औषध देत राहतो, हा वरिष्ठांना अविचार वाटला. त्यांनी ली यांना नोकरीतून काढले. पुढे काय झाले? ज्यांचे औषध आधीच थांबविले होते त्यांचा रोग उलटला आणि ली यांनी आकडा शून्यावर येईपर्यंत ज्यांना औषध दिले त्या टिकल्या. १९७२ मध्ये याच कामासाठी ली यांना लास्कर पारितोषिकाचा मान मिळाला. आजही आपल्याकडे द्राक्षगर्भ झालेल्या बाईला पिशवी साफ केल्यावर पुन्हा पुन्हा एचसीजी तपासायला बोलावतात, ते याच अनुभवामुळे. तिने ती फेरी चुकवू नये.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग रक्तपरीक्षा चांगलीच की! होय, योग्य ठिकाणी ती अमोल आहे. पण ली यांच्या रुग्णांना रोग होता हे आधीच ठरलेले होते. आकडा फक्त रोग किती उरला ते सांगत होता. रोग शोधण्याचे काम त्याला कोणी दिले नव्हते.

ते काम देण्याची आशा १९६० च्या दशकात उत्पन्न झाली. सोव्हिएत रशियात गार्री अबेलेव्ह यांनी १९६३ मध्ये यकृताचा कर्करोग झालेल्या उंदरांच्या रक्तात असे एक प्रथिन शोधले, जे एरवी फक्त गर्भात तयार होते. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांना ते माणसात सापडले. ते अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजेच अहवालावरचे एएफपी. १९६५ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कर्करोगात तसेच एक गर्भावस्थेतील द्रव्य मिळाले, ते सीईए. मूल जन्मल्यावर जे काम शरीर सोडून देते, ते गाठ पुन्हा सुरू करते, अशी ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. आता एक थेंब रक्त घ्यावे आणि निरोगी माणसातला कर्करोग लक्षणे दिसण्यापूर्वीच धरावा, असे स्वप्न जगाला पडले.

त्या स्वप्नाला हत्यार मिळाले ते न्यूयॉर्कच्या एका लष्करी निवृत्तांच्या रुग्णालयात. रोझलिन यालो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास रेडिओइम्युनोअॅसे ही मोजणीची पद्धत बसविली. ती आम्ही आमच्या सहकाऱ्यांना अशी समजावतो. कंपनीच्या बसमध्ये पन्नास आसने आहेत. गणवेश घातलेले पन्नास कामगार आम्ही स्वतः मोजून पाठविले. साध्या कपड्यातले किती चढले ते ठाऊक नाही. दोघांनाही आसन धरण्याची सारखीच संधी आहे. आता उभ्या राहिलेल्या गणवेशवाल्यांची संख्या मोजली की साध्या कपड्यातले किती आले, याचा हिशेब लागतो. आसने म्हणजे प्रतिपिंड, गणवेश म्हणजे किरणोत्सारी खूण आणि साधे कपडेवाले म्हणजे रुग्णाच्या रक्तातला पदार्थ. या पद्धतीने रक्तातील अतिसूक्ष्म अंशही मोजता येऊ लागला. दोघांनी तिचे पेटंट घेतले नाही. बर्सन १९७२ मध्ये वारले. यालो यांना १९७७ चे नोबेल मिळाले.

आपल्या महाराष्ट्रात या विद्येचे माहेरघर झाले ते परळ. ज्या परळला गिरण्यांचे भोंगे वाजत होते, तेथेच २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय उघडले. १९५७ मध्ये ते केंद्राच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ मध्ये अणुऊर्जा खात्याकडे आले. कर्करोगाचे रुग्णालय अणूच्या खात्याकडे का, असे पुष्कळांना वाटते. कारण असे की, किरणांचा उपचार आणि किरणोत्सारी द्रव्यांची मोजणी दोन्ही त्या खात्याच्या हातची होती. १९६३ मध्ये शेजारीच भाभा अणुसंशोधन केंद्राच्या पूर्वसूरी संस्थेचे रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झाले. थायरॉइडच्या कर्करोगात ग्रंथी काढून टाकल्यावर आणि किरणोत्सारी आयोडीन दिल्यावर रक्तात थायरोग्लोब्युलिन हे प्रथिन उरावयास नको. उरले किंवा वाढले तर रोग कोठेतरी शिल्लक आहे असा संशय घ्यावयाचा. येथे काटा आणि माल यांचा मेळ बसतो. जो पदार्थ बनविणारी ग्रंथीच काढली, तो पुन्हा दिसला म्हणजे प्रश्नाला नेमके उत्तर मिळते.

१९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच साच्याची प्रतिपिंडे हवी तितकी बनविण्याची युक्ती शोधली. तिला १९८४ चे नोबेल मिळाले. तिच्यातून नव्या खुणांची रांग निघाली. बीजांडकोशाच्या कर्करोगासाठी सीए १२५ ही खूण रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने १९८१ मध्ये पुढे आणली. त्याच सुमारास स्वादुपिंडासाठी सीए १९-९ आली. आणि प्रोस्टेटसाठीची पीएसए ही चाचणी १९७९-८० मधील संशोधनातून उभी राहिली. येथवर प्रयोगशाळेत एकेक नमुना हाताने तपासला जात होता. आता प्रतिपिंडे डब्यातून येऊ लागली आणि यंत्रे एका दमात ढीगभर नमुने तपासू लागली. कारखान्यात राहिलेल्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. यंत्र बसले की त्याला रिकामे ठेवता येत नाही; त्याला माल पुरवावा लागतो. आजारी माणसे किती मिळणार? निरोगी माणसे मात्र पाहिजे तितकी आहेत.

रुग्णालयात ही परीक्षा नीट मागविली जाते ती कशी, हे पाहू. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टर आधी ऐकतो, हात लावून पाहतो, मग चिठ्ठीवर तपासणी लिहून खाली सही करतो. त्या सहीचा अर्थ असा की या माणसाविषयी एक प्रश्न आहे आणि उत्तराचे काय करावयाचे हे आम्हाला ठाऊक आहे. मोठ्या आतड्याचा कर्करोग निघाला तर शस्त्रक्रियेपूर्वी सीईए पाहून ठेवतात आणि नंतर काही वर्षे ठराविक महिन्यांनी पुन्हा पाहतात. वृषणाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वीच एएफपी व एचसीजीसाठी रक्त घेतात, मग आकडा किती वेगाने उतरतो ते पाहतात; एएफपी साधारण पाच ते सात दिवसांत निम्मे व्हावे. तसे झाले नाही तर गाठीचा अंश कोठेतरी उरला, असे समजतात. ज्यांचे यकृत निबर झाले आहे अशांची सहा महिन्यांनी सोनोग्राफी करतात व तिच्या जोडीला एएफपीही पाहतात. पन्नाशीच्या बाईचे पोट सारखे फुगते, भूक मंदावते, तर सीए १२५ विचारण्यात अर्थ असतो. शिवाय जाणता डॉक्टर सांगतो की पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करा, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल अधिक बोलते.

याच खुणा दुसऱ्या कारणांनीही वाढतात. धूम्रपान करणाऱ्याचे सीईए जास्त असू शकते. पित्ताची वाट अडली, कावीळ झाली की सीए १९-९ चढते. उलट काही लोकांच्या शरीरात ते द्रव्य बनतच नाही, त्यांना कर्करोग झाला तरी आकडा गप्प राहतो. पाळीच्या दिवसांत, गरोदरपणात आणि आपल्याकडे फार महत्त्वाचे म्हणजे पोटाच्या क्षयरोगात सीए १२५ वाढते. क्षयाने बऱ्या होणाऱ्या बाईला कर्करोग म्हणून घाबरविणे किती सोपे आहे, पाहा. वय वाढून प्रोस्टेट मोठी झाली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला तरी पीएसए वाढते.

आता थोडा हिशेब करू. समजा, दहा हजार निरोगी दिसणाऱ्या कामगारांत पाच जणांना एखादा लपलेला कर्करोग आहे. परीक्षा पाचांतील चार जणांना पकडते आणि निरोगी माणसांत शंभरापैकी फक्त पाच वेळा चुकते. ऐकायला परीक्षा उत्तम! पण चुकीच्या हाका होतील सुमारे पाचशे आणि खऱ्या चार. म्हणजे कागदावर ‘जास्त’ आलेल्या सव्वाशे माणसांत एकाला रोग. आणि एकाच माणसाच्या अशा सहा खुणा तपासल्या, तर निरोगी असूनही त्याची एखादी तरी खूण मर्यादेबाहेर येण्याचा संभव जवळजवळ चौघांत एक इतका होतो. ही संख्या आम्ही समजुतीसाठी धरली आहे; पण न्याय खरा आहे.

हा हिशेब आम्हाला वेळीच आला असता तर बरे झाले असते. सुमारे बारा वर्षांपूर्वी एका कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू होती. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोष त्याचा नाही, आमचा आहे. मागणीपत्रात आम्ही एक कलम घातले की प्रत्येक कामगाराची दरवर्षी कर्करोगाची रक्ततपासणी व्हावी. भत्त्याच्या एकेका रुपयासाठी रात्र रात्र भांडणाऱ्या व्यवस्थापनाने ते कलम पाच मिनिटांत मान्य केले. मागणी इतक्या सहज मान्य होते तेव्हा संघटनेच्या माणसाने थांबून विचार करावा, हे आम्ही नव्या पोरांना नेहमी शिकवितो. त्या दिवशी आम्हीच ते विसरलो आणि दारासभेत पेढे वाटले.

पहिल्या वर्षी प्रेस शॉपमधील एका सहकाऱ्याचे सीए १९-९ थोडे जास्त आले. स्वादुपिंड हा शब्द त्याने जन्मात प्रथमच ऐकला. मग स्कॅन, दुर्बीण, पुन्हा स्कॅन. भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. मुलीचे ठरत आलेले लग्न पुढे ढकलले. चार महिन्यांनी आकडा आपोआप मर्यादेत आला. रोग नव्हताच. पैसे गेले, आणि झोप गेली ती पुष्कळ दिवस परत आली नाही.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक जड जाते. त्याच वर्षी आमचा आणखी एक सहकारी अहवाल घेऊन आला. तंबाखू-चुन्याची सवय वीस वर्षांची. सगळे आकडे मर्यादेत होते. जाता जाता तो म्हणाला, “अण्णा, तोंड पुरतं उघडत नाही हल्ली. भाकरीचा घास मोडून मोडून खावा लागतो. पण रिपोर्ट चांगला आहे ना?” आम्ही म्हणालो, “रिपोर्ट चांगला तर मग काळजी कसली? दात दाखवून घे.” आठ महिन्यांनी गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. शस्त्रक्रिया झाली तेव्हा रोग मानेच्या गाठींत उतरला होता. दीड वर्षाने आम्ही त्याला खांदा दिला. तोंडाचा कर्करोग त्या यादीतल्या एकाही रक्तपरीक्षेत दिसत नाही. आणि आपल्या देशातील पुरुषांत तर तोच सर्वांत जास्त आढळतो. त्याच्या तोंडात बॅटरीचा उजेड पाडून पाहायला एक मिनिट लागले असते. ते एक मिनिट आमच्या कलमात नव्हते.

आमची चूक अडाणीपणाची होती. पण तीच चूक शिकलेल्या जगानेही केली, हे पुढे वाचनात आले. अमेरिकेत पीएसएला १९८६ मध्ये मान्यता मिळाली ती रोग ठरलेल्या माणसावर नजर ठेवण्यासाठी. निरोगी माणसात रोग शोधण्यास मदत म्हणून मान्यता १९९४ मध्ये आली. तोवर परीक्षा सर्वत्र पसरली होती. जे कर्करोग आयुष्यभर त्रास देणार नव्हते तेही सापडू लागले आणि त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाल्या. कित्येकांना लघवी न आवरण्याची व्याधी कायमची जडली. २०१२ मध्ये तेथील सरकारनियुक्त तज्ज्ञ मंडळाने निरोगी पुरुषांत ही तपासणी करू नये असे सांगितले. युरोपातील मोठ्या पाहणीत मृत्यू काहीसे कमी झाल्याचे दिसले होते, म्हणून २०१८ मध्ये त्यांनी मत सौम्य केले आणि पंचावन्न ते एकोणसत्तर वयाच्या पुरुषाने डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावे असे म्हटले. ब्रिटनमध्ये २००१ ते २००५ या काळात २,०२,६३८ स्त्रियांना एका पाहणीत घेतले आणि त्यांतील काहींची दरवर्षी सीए १२५ तपासणी केली. निकाल २०२१ मध्ये आला. बीजांडकोशाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. इतकेच नव्हे, तर हा रोग होऊन बऱ्या झालेल्या स्त्रियांत केवळ सीए १२५ चढले म्हणून लवकर औषध सुरू केल्याने आयुष्य वाढले नाही, असे २०१० मधील एका चाचणीत दिसले. लवकर कळणे आणि वाचणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा फार महाग पडला.

मग लवकर शोध घेऊच नये काय? तसे नाही. शोध कशाचा व कोणत्या साधनाने घ्यावा, याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. १९९८ पासून टाटा स्मारकच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून जास्त स्त्रियांची पाहणी केली. दहावी शिकलेल्या स्थानिक बायकांना चार आठवडे शिकवून तयार केले. गर्भाशयाच्या मुखाला शिरक्यातल्या आम्लाचे पातळ पाणी लावावयाचे आणि पांढरा डाग उठतो का ते डोळ्यांनी पाहावयाचे. दोन वर्षांनी एकदा असे चार वेळा केले. २०१४ मध्ये छापलेल्या निकालाप्रमाणे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. तिकडे बार्शीच्या कर्करोग केंद्राने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून १,३१,७४६ खेडूत स्त्रियांची पाहणी केली. एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली तरी मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, असे २००९ मध्ये जगापुढे मांडले गेले. या दोन्ही पाहण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या स्त्रियांची तपासणी झाली नाही, यावर नंतर टीका झाली. गरिबांच्या जिवावर ज्ञान मिळते तेव्हा ती टीका आम्हाला रास्त वाटते. म्हणूनच त्या ज्ञानाचा उपयोग न करणे हा दुसरा अन्याय होईल. केरळात त्रिवेंद्रम जिल्ह्यात नुसते तोंड उघडून नीट पाहिल्याने तंबाखू-दारू घेणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले, हे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारने तीस वर्षांवरील लोकांसाठी जी रूपरेषा आखली तीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तिघांचीच तपासणी आहे. रक्तातील एकही खूण नाही.

या गोष्टीला आज निकड आली आहे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा व आरोग्याची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत ठरवून दिलेल्या वयाच्या व वर्गाच्या कामगारांची वर्षाकाठी मोफत आरोग्यतपासणी मालकाने करावी, अशी तरतूद आहे. तरतूद चांगली, पण यादीत काय घालावयाचे? जो प्रयोगशाळेच्या यंत्राला सोयीचा तो माल, की कामगाराच्या जिवाला उपयोगी ते काम? कर्मचारी राज्य विम्याच्या दवाखान्यात रांग मोठी असते, हे आम्हाला मान्य. परंतु तेथे तपासणी लिहिण्यापूर्वी निदान एक डॉक्टर समोर बसतो. पॅकेजच्या तपासणीत कित्येकदा प्रश्न विचारणारा कोणीच नसतो. उत्तरे मात्र पानभर छापून येतात.

पुढच्या करारात आम्ही ते कलम बदलले. आता त्यात प्रत्येकाचे तोंड उजेडात पाहावे, तंबाखू सोडण्यास मदत द्यावी, स्त्री कामगारांची स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी स्त्री डॉक्टर किंवा परिचारिकेकडून व्हावी, तेलात आणि रसायनांत काम करणाऱ्यांची कातडी व छाती पाहावी, आणि कर्करोगाची रक्तपरीक्षा डॉक्टरच्या सहीशिवाय होऊ नये, असे लिहिले आहे. या वेळी व्यवस्थापनाने पाच मिनिटांत मान्यता दिली नाही. तीन बैठका लागल्या, कारण डॉक्टरने माणूस पाहण्याला वेळ लागतो आणि वेळेला पैसा पडतो. तेव्हा आम्हाला वाटले की आता मागणी बरोबर आहे.

एक खुलासा केल्यावाचून थांबणे योग्य नाही. ज्यांचा कर्करोगाचा उपचार चालू आहे किंवा झाला आहे, त्यांनी आमचे हे बोलणे ऐकून डॉक्टरने लिहिलेली एकही तपासणी चुकवू नये. त्यांच्यासाठी तो आकडा खरा काटा आहे. इतरांनी मात्र कागद हातात पडला की घाबरण्यापूर्वी, आणि निर्धास्त होण्यापूर्वीही, दोन प्रश्न विचारावेत. ही तपासणी आमच्याविषयीच्या कोणत्या शंकेसाठी केली? आणि आकडा जास्त आला तर काय करणार व कमी आला तर काय करणार? या प्रश्नांना उत्तर देणारा माणूस समोर नसेल, तर त्या कागदाचे समाधानही मानू नये आणि भयही धरू नये. आणि शेजारी बसलेल्याचे तोंड पुरते उघडत नसेल, तर त्याला अहवाल न विचारता उद्याच दवाखान्यात घेऊन जावे. आम्ही ते केले नव्हते.